गाडगेबाबा : एका घराच्या पडझडीचा शोध

हाती खराटा येण्याच्या कितीतरी आधी शेंडगाव-दापुऱ्याच्या देबूजीला एका प्रश्नाने पछाडले होते. आपले घर बुडाले ते नेमके कशामुळे? या प्रश्नाच्या शोधातूनच वऱ्हाडातील एका निरक्षर शेतकऱ्याचे रूपांतर महाराष्ट्राच्या लोकशिक्षकात झाले.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते. तेथील पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रवासात असतानाच, संत गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. अवघ्या चौदा दिवसांपूर्वी, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले होते. त्या धक्क्यातून महाराष्ट्र सावरलेला नसतानाच ही दुसरी बातमी आली. अमरावतीत बाबांची समाधी झाली, तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे ४ मे २००५ रोजी अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळेची पायरी चढली नाही, त्याच्या नावाने आज वऱ्हाडातील मुले पदवी घेतात.

शहरी वाचकाच्या मनात गाडगेबाबांची जी प्रतिमा आहे ती ठरावीक आहे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे फुटके गाडगे. शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिल्यापासून ही प्रतिमा अधिकच पक्की झाली. ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. गावातील कचरा झाडणारा हा माणूस रात्रीच्या कीर्तनात वेगळीच झाडलोट करीत असे. कर्ज किती, व्याज किती, दारूवर खर्च किती, देवाला बोकड किती कापले आणि शाळेत मुले किती, याचा तो लोकांकडे जाब मागे. हे प्रश्न कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या घराच्या इतिहासातून आले होते. तो इतिहास सुखाचा नव्हता.

शेंडगावचे घर

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. वडील झिंगराजी, आई सखूबाई, जात परीट. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार हे घर एकेकाळी अगदीच दरिद्री नव्हते. दोन वेळच्या भाकरीची ददात नव्हती आणि गावात मानही होता. परंतु झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि हळूहळू सारे ओसरत गेले.

या व्यसनाची सुरुवात कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी अनेक समाजांत देवाचे नवस, जावळ, बारसे, लग्न, तेरवी अशा प्रत्येक प्रसंगी बोकड कापणे आणि दारू वाटणे ही रीत होती. रीत मोडली तर भाऊबंद आणि पंचमंडळी नावे ठेवीत. म्हणजे दारू घरात येताना व्यसन म्हणून येत नसे. ती देवाच्या आणि जातीच्या मानपानातून, आदराने, उंबरठा ओलांडून येई. पहिला पेला प्रसादाचा असे आणि शेवटचा पेला कर्जाचा. झिंगराजींच्या बाबतीत हेच घडले. शरीर पोखरले गेले, हाती होते ते गेले आणि १८८४ च्या सुमारास त्यांचा अंत झाला. देबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. मरणापूर्वी झिंगराजींना उपरती झाली आणि आपल्या मुलाला दारूपासून व बोकडाच्या नवसांपासून दूर ठेवावे, असे त्यांनी पत्नीला सांगितले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते.

आठ वर्षांच्या मुलाला बाप गेल्याचे कळते. तो का गेला हे कळत नाही. अशा मृत्यूची कारणे घराघरांतून झाकली जातात. दिवस वाईट होते, नजर लागली, देव कोपला असे सांगून मुलांची समजूत काढली जाते. देबूजीच्या बाबतीत निराळे घडले. सखूबाईंनी मुलापासून काही लपविले नाही, असे त्याच्या पुढील वर्तनावरून दिसते. विधवा आईने आपल्या पतीच्या पडझडीची खरी कथा मुलाला सांगितली, ही या चरित्रातील फार मोठी घटना आहे. तिची नोंद फारशी कुणी घेत नाही.

दापुऱ्याचे वावर

पती गेल्यावर सखूबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. माहेर दापुरे येथे होते. हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात येते. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांचे खाऊनपिऊन सुखी असे शेतकरी कुटुंब होते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. ज्वारी, तूर आणि कपाशीचे पीक. आश्रिताच्या घरी मूल लवकर मोठे होते. देबूजी गुरे वळू लागला. पुढे नांगर धरू लागला आणि पाहता पाहता मामाच्या शेतीचा आधार झाला. पोहण्यात तो तरबेज होता. रात्री भजनात रंगे. तुकोबांचे अभंग कानावर पडून पाठ होत. अक्षरओळख मात्र झाली नाही.

१८९२ मध्ये त्याचा विवाह झाला. पत्नीचे नाव कुंताबाई. संसार सुरू झाला आणि शेती फुलली. शेंडगावची आठवण मागे पडली असे वाटू लागले होते. पण दापुऱ्याच्या घरावर दुसरे संकट हलक्या पावलांनी येत होते.

सावकाराची वही

ते संकट समजून घ्यायचे तर त्या काळच्या वऱ्हाडाकडे पाहावे लागते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत पोहोचली. नव्या जमीनमोजणीने शेतकऱ्याच्या नावावर शेताचा तुकडा लागला. तो तुकडा आता गहाण टाकता येत होता, विकता येत होता. सावकाराच्या दृष्टीने कर्जाला भक्कम तारण मिळाले. युद्ध संपल्यावर भाव उतरले. सारा आणि व्याज मात्र उतरले नाही.

देबूजीच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला होता. सुपे येथून मे महिन्यात त्याची सुरुवात झाली. या उठावाचे वैशिष्ट्य असे की, लोकांचा राग प्रामुख्याने सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जखतांवर होता. कागद हाती आला की तो जाळला जाई. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाडचा कारभार मुंबई इलाख्यापासून वेगळा असल्याने दापुऱ्याच्या शेतकऱ्याला त्याचा आधार नव्हता.

चंद्रभानजींनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. फेड होत राहिली. परंतु दिलेल्या रकमेच्या पावत्या घरात आल्या नाहीत. वही सावकाराकडे होती, लेखणी त्याच्याकडे होती आणि वाचता येणारा माणूसही तोच होता. मामांचा त्याच्यावर विश्वास होता. निरक्षर माणसाला विश्वासाशिवाय दुसरा कागद नसतो. मुद्दल किती, व्याज किती, फिटले किती आणि राहिले किती, याचा हिशेब घरातील कुणालाच सांगता येत नव्हता. देबूजीला मात्र हा व्यवहार खटकू लागला. त्याने विचारपूस सुरू केली. कोणत्या सुगीला किती माल गेला आणि त्याचे पैसे कोणत्या खाती जमा झाले, हे तो आठवणींच्या आधारे जुळवू लागला. त्याला जे दिसले ते भयंकर होते. घराच्या समजुतीप्रमाणे कर्ज फिटत आले होते आणि सावकाराच्या वहीप्रमाणे ते वाढतच होते. अखेर शेत सावकाराच्या घशात गेले. त्या धक्क्याने मामा खचले आणि त्यांचा अंत झाला.

पुढचा प्रसंग बाबांच्या बहुतेक चरित्रांत येतो. सावकार ताबा घेण्यासाठी माणसे घेऊन शेतावर आला, तेव्हा तरुण देबूजी नांगर धरून उभा होता. त्याने शेत सोडण्यास नकार दिला आणि चालून आलेल्यांना परतवून लावले. एका परटाच्या पोराने सावकाराला अडविल्याची बातमी पंचक्रोशीत पसरली. कायद्याच्या दृष्टीने या विजयाला फारसा अर्थ नव्हता, कारण कागद अजूनही सावकाराकडेच होता. पण ज्या भीतीने मामा मेले ती भीती देबूजीने त्या दिवशी टाकून दिली.

आता त्याच्यापुढे दोन मृत्यू होते. बाप दारूने गेला, मामा कर्जाने. दोन गावे, दोन घराणी, दोन कारणे. मात्र देबूजीने दोन्ही एकत्र ठेवून पाहिली आणि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट त्याला दिसली. आपल्याला वाचता येत नाही आणि आपण विचारत नाही. रीत आहे म्हणून बोकड कापायचा आणि सावकार सांगतो म्हणून अंगठा उठवायचा, यांत तत्त्वतः फरक नव्हता.

बारशाची पंगत

या शोधाचे पहिले प्रकट फळ दिसले ते घरातल्याच एका आनंदाच्या प्रसंगी. देबूजीला मुलगी झाली. तिचे नाव आलोका. बारशाला भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारूची पंगत होणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. देबूजीने दोन्ही नाकारले आणि पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांत कुजबुज झाली, नाराजी झाली. जातीची रीत मोडणाऱ्याला त्या काळी वाळीत पडण्याची भीती असे. तरीही तो मागे हटला नाही.

आज हा प्रसंग वाचताना साधा वाटतो. परंतु त्या पंगतीत जे बसले होते त्यांतील अनेकांनी झिंगराजींच्या घरीही अशाच पंगती जेवल्या असतील. देबूजीने लाडू वाढला, तेव्हा त्या ताटातून त्याने आपल्या वडिलांच्या मृत्यूचे कारण सर्वांसमोर मांडले होते. त्याने वडिलांना दोष दिला नाही, रीतीला दिला. घराण्याच्या दुखऱ्या आठवणीशी कसे वागावे याचा हा एक वस्तुपाठ आहे. आठवण लपवायची नाही, गेलेल्या माणसाची विटंबनाही करायची नाही. ज्या कारणाने तो गेला ते कारण घरातून हद्दपार करायचे.

ऋणमोचन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, पहाटेच्या अंधारात, देबूजीने घर सोडले. वय अठ्ठावीस. मागे आई, पत्नी आणि मुले होती. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे तो अज्ञातासारखा फिरत राहिला. मिळेल ते काम करायचे, मिळेल ती भाकरी गाडग्यात घ्यायची, गावचा रस्ता झाडायचा आणि पुढच्या गावाला निघायचे. नाव विचारले तर सांगायचे नाही. लोकांनीच मग गाडगेबुवा, गोधडे महाराज अशी नावे दिली.

या भटकंतीत एक स्थान पुन्हा पुन्हा येते. अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. येथे स्नान केले की माणूस ऋणातून मुक्त होतो, असा श्रद्धाळूंचा समज. नावातच कर्जमुक्ती आहे. ज्याचे आजोळ कर्जात बुडाले त्या माणसाने लोकसेवेचा प्रारंभ नेमका याच गावी करावा, हा योगायोग विलक्षण आहे.

बाबा तेथे गेले आणि त्यांनी नदीत बुडी मारून ऋणमुक्तीची वाट पाहिली नाही. यात्रेकरू, त्यांत म्हाताऱ्या बायका आणि लेकुरवाळ्या, चिखलाच्या निसरड्या काठावरून घसरून पडत. बाबांनी फावडे घेऊन काठ साफ करण्यास सुरुवात केली, माती टाकून वाट केली. पुढे लोक जुळत गेले आणि १९०८ च्या सुमारास तेथे घाट उभा राहिला. ऋणमोचन आता केवळ पाण्यात नव्हते. ते मजुरीत आणि माणसांनी एकत्र येण्यात होते. याच यात्रेत घरच्या मंडळींना त्यांचा ठावठिकाणा लागला. आई आणि पत्नी भेटल्या, परतण्याचा आग्रह झाला. बाबा परतले नाहीत.

कीर्तनातील उलटतपासणी

गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले त्यांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. पारंपरिक नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंग, संस्कृत श्लोक, पगडी-उपरणे यांपैकी तेथे काही नसे. दिवसभर ज्या गावाचे रस्ते झाडले, त्याच गावाच्या चौकात रात्री बाबा उभे राहत. भाषा ठेठ वऱ्हाडी. गोपालाचा गजर, मध्येच तुकोबांचा किंवा कबिराचा दाखला आणि मग श्रोत्यांवर प्रश्नांची सरबत्ती. प्रश्न असा असे की त्याचे उत्तर समुदायालाच द्यावे लागे. उत्तर देता देता माणूस स्वतःच्या घरात शिरे आणि तेथे काय चालले आहे हे त्याला दिसू लागे.

त्यांचा उपदेश थोडक्यात सांगता येतो. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, लग्नात उधळपट्टी करू नका. दारूला शिवू नका. देवाच्या नावाने मुके जनावर मारू नका. माणसाला अस्पृश्य मानू नका. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. यांतील प्रत्येक वाक्याला शेंडगाव आणि दापुऱ्याची पार्श्वभूमी आहे. ताट मोडण्याची भाषा त्यांनी वापरली, कारण ताटे सावकाराच्या घरी जाताना त्यांनी पाहिलेल्या पिढीचे ते होते. मोडायचेच तर ते शिक्षणासाठी मोडा, एवढाच त्यांचा हिशेब होता.

तुकोबांवर त्यांची निष्ठा होती, तीही या अंगाने पाहण्यासारखी आहे. तुकोबांचे घराणे देहूचे महाजन. सावकारी त्यांच्या घरची. परंपरा सांगते की, दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. देणेकऱ्याच्या घरात वाढलेल्या गाडगेबाबांना, धनकोच्या घरात जन्मून खते बुडविणारा हा संत आपला वाटावा, यात नवल नाही. दोघांनीही आपापल्या घरातील कागदाशी हिशेब केला. एकाने तो बुडविला. दुसऱ्याने तो पुढच्या पिढीला वाचता यावा म्हणून आयुष्य वेचले.

ज्या घराने किंमत मोजली

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बाबांच्या वृत्तीशी विसंगत ठरेल. दारूमुळे ज्या मुलाचा बाप हिरावला गेला, त्याने स्वतःच्या मुलांनाही बापाविना वाढविले. कुंताबाईंनी कष्ट करून लेकरे सांभाळली. संस्था उभ्या राहिल्या, लाखो रुपयांची बांधकामे झाली, तरी बाबांनी कुटुंबाला त्यात वाटा दिला नाही. नातलगांनी संस्थांच्या पैशावर हक्क सांगू नये, याबाबत ते अत्यंत कठोर होते.

१९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटण येथे कीर्तन करीत होते. बातमी पोहोचली आणि कीर्तन थांबले नाही. हा प्रसंग वैराग्याचा आदर्श म्हणून सांगितला जातो. त्याच रात्री दूर वऱ्हाडात पुत्रशोकात बसलेल्या कुंताबाईंची बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. झिंगराजींच्या घराची पडझड आणि देबूजीच्या घराचा त्याग यांत मोठे अंतर आहे, हे खरेच. तरी दोन्ही वेळी चूल पेटती ठेवण्याचे काम एका बाईवर पडले. सखूबाई आणि कुंताबाई या दोघींच्या मूक सोसण्यावर हे चरित्र उभे आहे, एवढे मान्य केल्याने बाबांचे मोठेपण कमी होत नाही.

बाबांनी काय उभारले, याची यादी मोठी आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, जी पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. मूर्तिजापूरला गोरक्षण संस्था आणि धर्मशाळा. मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी निवाऱ्याची सोय. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या कामासाठी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला १९५४ मध्ये जे महाविद्यालय सुरू केले, त्याला बाबांचेच नाव आहे. या यादीत देऊळ नाही. परगावी रुग्णालयाच्या दारात उभा असलेला, हाती पैसा नसलेला आणि म्हणून कर्ज काढण्याच्या बेतात असलेला माणूस बाबांच्या डोळ्यांपुढे होता.

वऱ्हाडातच जन्मलेल्या दुसऱ्या एका माणसाने हाच प्रश्न कायद्याच्या मार्गाने हाती घेतला. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. सावकाराला आपला हिशेब लवाद मंडळापुढे मांडावा लागण्याची सोय त्यात होती. दापुऱ्याच्या चंद्रभानजींना जे हवे होते, ते चार दशकांनंतर का होईना, कागदावर आले.

कागद आणि आठवण

गाडगेबाबांनी स्वतः काही लिहिले नाही. त्यांचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या सहवासातील माणसांनी जपलेल्या आठवणींमुळे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, त्यांचे चरित्र लिहिले. परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले आणि त्यांनीही पुढे चरित्र लिहिले. शेंडगावची दारू आणि दापुऱ्याचे कर्ज या दोन्ही कथा या आठवणींतूनच आपल्यापर्यंत आल्या. बाबांच्या घरात कागद नव्हता. होता तो सावकाराच्या पेटीत. बुडालेल्या घराचा इतिहास बुडविणाऱ्याच्या वहीत असतो, ही आपल्या ग्रामीण इतिहासाची मोठी अडचण आहे.

वऱ्हाडातून पुण्या-मुंबईला, नागपूरला स्थलांतरित झालेल्या हजारो कुटुंबांत अशी एखादी कथा दडलेली असते. आजोबांनी गाव का सोडले, शेत कुणाच्या नावावर गेले, काकांचा फोटो भिंतीवर का नाही, हे प्रश्न घरात विचारले जात नाहीत. तहसील कार्यालयातील जुने फेरफार आणि खरेदीखते काढली तर तारीख मिळते, क्षेत्र मिळते, रक्कमही मिळते. माणूस का खचला, हे तेथे मिळत नाही. त्यासाठी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे लागते. देबूजीने तेच केले होते. दुपारच्या नांगरटीनंतर आईकडून आणि मामांकडून त्याने ऐकले, ताडून पाहिले आणि मग कुठेही न लपवता ते चारचौघांत मांडले.

हा शोध केवळ भूतकाळासाठी नसतो. वऱ्हाडातील कर्जाची कथा १९५६ मध्ये संपली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ती पुन्हा समोर आणली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे त्यात होते. २०१४ मध्ये राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्यात झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी दापुऱ्याच्या शेतात नांगर धरून उभ्या असलेल्या तरुणाला जे हक्काने मिळायला हवे होते, ते मिळविण्यासाठी आता अर्ज करता येतो. परंतु अर्ज करण्यासाठी आपल्या घरात काय घडले हे आधी माहीत असावे लागते, आणि ते सांगण्याची लाज सोडावी लागते.

कर्जबाजारी होऊन ज्या घरातील कर्ता माणूस जातो, तेथे आजही पहिला प्रयत्न कारण झाकण्याचा असतो. मुलांना काही सांगितले जात नाही. कर्जाइतकीच ही लाजही पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. गाडगेबाबांनी या लाजेचे ओझे वाहिले नाही. बापाची दारू आणि मामाचे कर्ज त्यांनी गावोगावच्या चौकात, हजारो लोकांपुढे, प्रश्नांच्या रूपाने उघडे केले आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला आपल्या घरातील तेच दुखणे बोलून दाखविण्याचे बळ आले.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळली होती. तरीही पन्नास वर्षांपूर्वी दापुऱ्याहून निघताना मनात होते तेच प्रश्न त्या रात्री श्रोत्यांपुढे आले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ज्या अमरावती जिल्ह्यात झिंगराजींचे घर बुडाले होते, त्याच जिल्ह्यात पेढीच्या काठी हा प्रवास थांबला. देबूजीने आपल्या घराचा जो हिशेब मांडला होता, त्यातील कर्ज, दारू आणि निरक्षरता या तिन्ही रकमा वऱ्हाडातील अनेक घरांच्या नावावर अजूनही बाकी आहेत. पुण्यतिथीला गावोगाव खराटे हाती घेतले जातात, ते योग्यच आहे. त्या दिवशी संध्याकाळी, घरातल्या घरात, मुलांना जवळ बसवून आपल्या घराण्याचा न सांगितलेला एखादा अध्याय सांगितला गेला, तर तीही गाडगेबाबांच्या कामाला साजेशीच झाडलोट ठरेल.